चव बघायला

समुद्राकडची खुर्ची त्याने तिला दिली, तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याने तिला बसमध्ये खिडकीची जागासुद्धा कधी दिली नव्हती. पण माणूस हरखून गेला की असल्या गोष्टी दिसत नाहीत. नवरा आपणहून बाहेर जेवायला घेऊन आला होता, तेही ऐन सीझनमध्ये. ती हरखून गेली नसती तरच नवल.

तो शेजारच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात आचारी होता. इथे मात्र दोघं सुट्टीला आलेल्या माणसांसारखी हिंडली. किनाऱ्याला लागून हॉटेलांची रांग होती. प्रत्येकाच्या दारात पाटी, प्रत्येकाचा मासा आजचाच, आणि प्रत्येकाची चव म्हणे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. लोक या दारातून त्या दारात डोकावत होते, भाव बघत होते, मुलांवर खेकसत होते. हा प्रत्येक पाटी मन लावून वाचायचा, मग दारात उभं राहून वास घ्यायचा. "इथे नको, तेल जुनं आहे." "इथे तर सगळं बर्फातलं दिसतंय." असं करत करत त्याने तिला पार टोकापर्यंत चालवलं. तिच्या टाचा भरून आल्या. पण आपल्यासाठी कुणीतरी एवढं पारखून घेतंय याचंच तिला इतकं अप्रूप, की तिने हूं की चूं केलं नाही.

तळलेला मासा आला, सूप आलं, कोळंबी आली. त्याने मासा उलटा करून बघितला, काट्याने कातडं उचललं, हुंगलं, आणि एक घास जिभेवर घोळवत बसला. मग बशी तिच्याकडे सरकवली. सुपाचंही तेच, कोळंबीचंही तेच.

"अहो, जेवा की. सगळं मलाच काय देताय?"

"खा तू. जेवतोय मी."

आपला नवरा आपल्याला भरवतोय, असं तिला वाटलं. खरंच वाटलं.

तेवढ्यात आत भटारखान्यात कुणीतरी ओरडलं, "सात नंबरचा मासा कुठे अडकलाय?"

"दोन मिनिटं!" हा खुर्चीतून अर्धा उठून गरजला.

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. एक वेटर हातात ट्रे घेऊन जागच्या जागी थांबला. तिला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. "अहो, आज तुम्ही गिऱ्हाईक आहात!"

"हळू बोल," तो दबक्या आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता आणि नजर त्या वेटरवर होती. वेटर पुढे गेला तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. एवढं घाबरण्यासारखं यात काय होतं, हे तिला कळलं नाही.

मग त्याचा फोन वाजला, आणि कळलं.

"हो मालक, बसलोय. मासा ताजा आहे. मसाला आपल्यापेक्षा कमी, पण तळलाय चांगला. सूप नुसतं पिठाचं. गर्दी? गर्दी आहे. आपल्याकडचीच वळलीय सगळी... नाही नाही, संशय कसा येईल? बायकोला आणलंय ना. एकटा माणूस ताटात नाक खुपसून बसला की या लोकांना लगेच कळतं. जोडप्याकडे कोण बघतंय!"

तिच्या हातातला घास हातातच राहिला. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त तिला स्वतःची लाज वाटली. निघताना कुलूप लावता लावता तिने शेजारणीला, तिने विचारलेलं नसताना, सांगितलं होतं, "आज हे मला बाहेर जेवायला नेताहेत."

फोन खिशात टाकून तो पुढे झुकला. "मालकाच्या जिवाला घोर लागलाय. हे असंच चाललं तर आधी माझ्यावरच गदा येणार. तू अगदी गिऱ्हाईक म्हणून सांग, आमच्यापेक्षा बरं आहे का?"

"मला काय माहीत? तुमच्या हातचं मी कधी खाल्लंय?"

"काहीतरीच बोलतेस!" तो म्हणाला, आणि आठवायला लागला. घरी तो गॅसच्या जवळपास फिरकत नसे. दिवसभर तेच करतो, घरी आल्यावर भांड्याचा आवाजसुद्धा नको, असं त्याचं म्हणणं. हॉटेलात नोकरांच्या घरच्यांनी टेबलावर येऊन बसलेलं मालकाला चालत नसे. गावोगावची माणसं येऊन त्याच्या हातचं खाऊन गेली होती, आणि ही मात्र रोज त्याच्यासाठी भात लावून वाट बघत होती. तिचं म्हणणं खरं होतं. पण त्याचा मालकाला काही उपयोग नव्हता, म्हणून त्याने तो विषय तिथेच सोडला.

वेटरने बशा उचलल्या. "कसं होतं जेवण, बाई?" त्याने हसून विचारलं.

"छान होतं," ती म्हणाली. एवढ्या वेळात मालकासाठी नाही, तिच्यासाठी म्हणून काही विचारलं होतं ते त्या परक्या माणसाने.

वेटर लांब जाईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "उद्या संध्याकाळी दीपगृहाजवळच्या हॉटेलात जायचंय. लवकर आवरून बस. आणि कपडे दुसरे घाल. हे वेटर आज इथे तर उद्या तिथे, ओळखायचे."

"कपडे कशाला? बाईच दुसरी न्या. म्हणजे कुणाचा बापसुद्धा ओळखणार नाही."

त्याने पाण्याचा घोट घेतला आणि खरोखरच थोडा वेळ विचार केला.

"नको," तो म्हणाला. "परकी बाई म्हटली की जेवताना तिच्याशी काहीतरी बोलावं लागतं. तू बरी."