न घेतलेल्या गोळ्या

ट्रक चालवणारे डोमाजी पांढरकवड्याच्या दवाखान्यात गाल धरून बसले होते. चार दिवसांपासून नाक चोंदलेलं, कपाळ ठणकत होतं. त्यांना अँटिबायोटिकच हवं होतं. डॉ. पायलने तपासलं आणि नाही म्हटलं.

“काका, सायनसचं हे दुखणं बहुतेक वेळा आपोआप उतरतं. वाफ घ्या, मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. दहा दिवसांत उतरलं नाही किंवा ताप चढला, तर लगेच या. मग गोळ्या देईन.”

डोमाजी पुटपुटतच गेले.

आठवड्यानं ते पुन्हा रांगेत दिसले, तेव्हा पायल चपापली. पण त्यांचा चेहरा टवटवीत होता, आवाजही मोकळा.

“बरे दिसता की! मग काहून आलात?”

डोमाजींनी खिशातून गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट काढलं. “मेडिकलवाल्यानं त्याच दिवशी देल्लं होतं. घेतलं नाही. तुमचं खरं होते का, ते पाहून राह्यलो होतो.”

“स्वतःवर प्रयोग? कायले?”

डोमाजींनी बाहेर बाकावर बसलेल्या बायकोकडे, पंचफुलाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“बायकोच्या छातीत गाठ हाये, मॅडम. तिले कोनाच्या भरवशावर आनावं, ते ठरत नव्हतं.”