‘रानावणे’ची नोंद

पाच वाजता कोश छपाईला जाणार होता आणि ‘रानावणे’ या क्रियापदाला अजून साक्षीदार मिळाला नव्हता. कोशकार सोडून दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडचं एक वाक्य हवं, तेही सहज निघालेलं. विचारून वदवलेलं चालणार नाही. नाहीतर शब्द बाद, असा मंडळाचा नियम.

“अहो, ‘रानटी होणे’ आहे की! त्यात भागतं,” सचिव फोनवर म्हणाले.

“डोंबलाचं भागतं! रानटी तो, ज्यानं माणसांची रीत पाहिलीच नाही. रानावतो तो आधी आपल्यातला असतो,” म्हणत कोशकारांनी फोन आपटला.

त्यांची बायको हा शब्द सर्रास वापरायची. पण तिला जाऊन दोन वर्षं झाली, आणि ती होती तेव्हा तिचं एक वाक्य टिपून ठेवायचं या शहाण्याला सुचलं नाही. आता आठ महिने त्यांचा एकच उद्योग. पोस्टमनला गप्पांत ओढलं, शिंप्याला ओढलं. काल शेजारचे मास्तर जेवायला बोलवायला आले, त्यांनाही ओढलं. मास्तर ‘रानटी’ म्हणाले. कोशकारांनी त्यांच्या तोंडावर धाडकन दार लावलं.

साडेचारला मुलगी आली. मास्तरांनीच तिला कळवलं होतं. आत पाऊल टाकताच तिनं नाकाला ओढणी लावली. खुर्च्यांवर कागद, कागदांवर खरकटी ताटं. वडील ओट्याशी उभ्यानंच पातेल्यात हात घालून जेवत होते. दाढी छातीपर्यंत आलेली.

“बस,” ते म्हणाले. बसायला जागाच नव्हती.

“बाबा, आधी मास्तरांची माफी मागा. आंघोळ कधी केली होतीत शेवटची? आई असती तर...” तिला रडू फुटलं. “केवढे रानावलात हो तुम्ही!”

कोशकारांच्या हातून पातेलं निसटलं. “काय म्हणालीस? म्हण, पुन्हा म्हण!” आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी फोनकडे झेप घेतली. “सचिव! मिळाला! साक्षीदार मिळाला!”

“वा! वाक्य सांगा.”

“‘केवढे रानावलात हो तुम्ही!’”

“कोण म्हणालं?”

“माझी मुलगी.”

“कुणाला?”

कोशकारांनी मुलीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून हुंदके देत होती. मग त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांचं खरकटं फोनला लागलं होतं, दाढीलाही लागलं होतं.

“वडिलांना,” ते म्हणाले.

“बरं. अर्थ तुम्ही दिलेलाच ठेवतो. ‘माणसांत वाढलेल्याने हळूहळू माणसांतून उठणे.’ बरोबर?”

“‘हळूहळू’च्या पुढे एक शब्द घाला.”

“आत्ता? छपाईवाले खोळंबलेत हो. कोणता शब्द?”

“नकळत.”