राक्षसाचं शेवटचं भाषण

मिरजेच्या नाट्यगृहात राजपुत्राने राक्षसाच्या छातीला तलवार टेकवली आणि राक्षसाने मरण्याआधीचं भाषण सुरू केलं. राक्षस म्हणजे नाटकाचा लेखक मोरेश्वर. लोभ किती वाईट, हे मुलांना समजावणारं ते चार पानी भाषण त्याने सहा महिने घासूनपुसून लिहिलं होतं. आज मात्र पहिल्याच पानावर त्याला लघवीची घाई झाली. बोलता बोलता तो या पायावरून त्या पायावर होऊ लागला.

"आई, राक्षसाला शू लागलीय!" पहिल्या रांगेतली एक चिमुरडी किंचाळली.

हशा पिकला. मोरेश्वरने आवाज चढवला, तसा सगळ्या पोरांनी गिल्ला केला, "सोडा त्याला! सोडा!" राजपुत्र झालेल्या हेमलताने तलवार बाजूला घेतली. "जा बाबा, जाऊन ये."

सहा महिन्यांची मेहनत मोरीत गेली, असं पुटपुटत मोरेश्वर शेपूट आवरून विंगेत पळाला.

तो परतला तेव्हा आजी-आजोबांसकट सगळं नाट्यगृह टाळ्या वाजवत होतं. एवढ्या टाळ्या त्याला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. हेमलताने नाइलाजाने पुन्हा तलवार उचलली, तर ती चिमुरडी कमरेवर हात ठेवून रंगमंचाशी येऊन उभी.

"मारायचं नाही हं! त्याला आत्ता कुठे बरं वाटतंय."

राजपुत्राने राक्षसाला मिठी मारली आणि पडदा पडला.

सांगलीच्या प्रयोगाआधी मोरेश्वरने अख्खं भाषण खोडलं आणि रंग लावायला बसण्यापूर्वी तो मुद्दाम तांब्याभर पाणी प्यायला.