एका मात्रेची दुरुस्ती

सुनेच्या पत्राला बाबांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता अकरा महिने झाले होते.

पत्र चार ओळींचं. फोनवर सासरे ‘हं’ आणि ‘बरं’च्या पलीकडे जात नाहीत, म्हणून तिनं ते लिहिलं होतं. शेवटी एकच प्रश्न होता : ‘बाबा, आमच्याकडे कायमचे राहायला याल?’

बाबांनी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती. दुसऱ्याच्या मजकुरातली चुकलेली वेलांटी ते लांबून पकडायचे. स्वतःचं एक वाक्य मात्र धड उतरेना. सतरा खर्डे झाले. ‘येतो’ आगाऊ वाटायचं, ‘बघतो’ कोरडं. तेवढ्यात बाळ झालं, सुनेची रजा संपत आली, आणि ‘दोन महिने पिल्लूला सांभाळायला या,’ असा मुलाचा फोन आला. दोन महिने म्हटल्यावर बाबा निघाले. बॅग त्यांनी पलंगाखाली ठेवली, अर्धी भरलेलीच.

मुलगा दूर पुलाच्या कामावर, शनिवार-रविवारी घरी. सून चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर घरात पिल्लू आणि बाबा. बाबा दुपट्यांच्या घड्या कागदांच्या गठ्ठ्यासारख्या काटेकोर लावायचे. सकाळी दाढी केल्याशिवाय बाहेरच्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत.

“बाबा, हे काय ऑफिस आहे?” सून विचारायची.

“हं,” बाबा मान खाली घालून म्हणायचे.

एकदा साखर शोधताना त्यांना डब्यांमागे लाल वही सापडली. तारखा घालून सुनेनं नोंदी केल्या होत्या. पहिली नोंद बाबा आले त्याच आठवड्यातली.

‘मान वर करून माझ्याकडे पाहिलं.’

‘हाक मारल्यावर लगेच वळले.’

‘आज हसले. आवाज न करता, पण हसले.’

‘गुणगुणल्यासारखा आवाज काढला.’

‘पाहुणे आले तरी घाबरले नाहीत.’

बाबांना बरं वाटलं. मग त्यांनी वाचनालयातून आणलेलं बालसंगोपनाचं पुस्तक उघडलं आणि वहीतल्या तारखा त्याच्याशी ताडून पाहिल्या. पुस्तकात हसू दुसऱ्या महिन्यात होतं, मान तिसऱ्यात. वहीत मान चौथ्या महिन्यात वर झाली होती, हसू पाचव्यात.

पिल्लू तर त्यांच्याकडे बघून रोज हसायचं, पाय झाडायचं, परवा पालथंही पडलं होतं. पण आईला जास्त कळणार. शिवाय डोळ्यांना दिसलेलं एक आणि कागदावर लिहिलेलं दुसरं, असं झालं की बाबा जन्मभर कागदाच्या बाजूनं उभे राहिले होते.

पुढच्या पानावर लिहिलं होतं : ‘बाळाशी सतत बोलत राहावे.’

बाबांनी पुस्तक मिटलं. आपल्यासारख्या घुम्या माणसाच्या स्वाधीन केलं, म्हणून बाळ मागे पडलं.

दुसऱ्या दिवशी ते पिल्लूसमोर बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, “आज… हवा बरी आहे.”

पिल्लूनं जांभई दिली.

शनिवारी सून आणि मुलगा लसींची निळी वही घेऊन पिल्लूला डॉक्टरांकडे नेऊन आले. “सगळं उत्तम आहे म्हणाले,” मुलानं सांगितलं. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून सांगतोय, बाबांना वाटलं. त्यांची खात्रीच झाली, कारण लगेच सून म्हणाली, “बाबा, एक तारखेपासून पिल्लूला दुपारपर्यंत पाळणाघरात ठेवू या का? तुम्हालाही जरा मोकळं होईल.”

“हो. बरोबर आहे.”

“रागावलात?”

“छे. तिथं बोलणारी माणसं असतात. बाळाच्या दृष्टीनं चांगलंच.”

सून त्यांच्याकडे बघत राहिली. “डोळे तपासणं माझा धंदा आहे बरं का. काय झालंय?”

“धूळ गेली असेल.”

“घरात? तुम्ही दिवसातून तीनदा पुसता ते!” मुलगा म्हणाला.

सोमवारी दुपारी पिल्लू झोपल्यावर बाबांनी अठरावा खर्डा लिहिला. हा एका दमात उतरला. ‘मी कायमचा येऊ शकणार नाही. क्षमा असावी.’ पाकीट चिकटवलं. दुसऱ्या दिवशी रात्रीचं तिकीट त्यांनी रविवारीच कुणाला न सांगता काढलं होतं. जाताना पेटीत टाकायचं, म्हणजे पत्र पोचेपर्यंत आपण लांब.

मग त्यांनी लाल वही काढली. पोराचं तर काही भलं झालं नाही हातून. निदान वही तरी शुद्ध करून जावी. बाकी सगळी वही बोलीतली, मग ‘हसले’ एवढंच का पुस्तकी? आपण ‘बाळ हसलं’ म्हणतो. त्यांनी शिसपेन्सिलीनं ‘हसले’वर बारीक रेघ मारली, समासात ‘हसलं’ लिहिलं. ‘वळले’चं ‘वळलं’ केलं. ‘घाबरले’चं ‘घाबरलं’ केलं आणि ‘नाहीत’मधला ‘त’ खोडला. पिल्लू उठलं तेव्हा वही ओट्यावरच राहिली.

सकाळी ते दाढीसाठी गरम पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आले. आतल्या खोलीत सून पिल्लूला कपडे घालत होती. ओट्यावर लाल वही उघडी होती. त्यांची प्रत्येक दुरुस्ती हिरव्या शाईनं खोडलेली होती.

खाली सुनेच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘बाबा, पिल्लूची वही निळी. ही नव्हे. “हसलं” ते पिल्लू. “हसले” ते तुम्ही. “नाहीत”मधला “त” तसाच ठेवावा.’

थोड्या वेळानं बाबांनी कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकलं. पाकीट नवं होतं, पत्ता याच घराचा. आत तीन शब्द होते : ‘दुरुस्ती मान्य. राहतो.’ घरी परतताना हनुवटीवरून हात फिरला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, दाढी करायची राहूनच गेली होती.