मुकुंदरावांचा कॉम्प्युटर

"कैमरे के सामने से कोई नहीं हिलेगा," फोनमधला पोलीस म्हणाला.

सुलोचनाबाई हलल्या नाहीत. शेजारी सून गरिमा. तिचा फोन त्यानं आधीच बंद करायला लावला होता. शिंदे की छावनीतल्या घरात भर दुपारी दारं-खिडक्या लावून दोघी घामाने निथळत बसल्या होत्या. पंख्याचा आवाज साहेबांना चालत नव्हता.

पुष्कर लवकर जेवून भोपाळच्या गाडीत बसला, तेव्हापासून त्याचा फोन लागत नव्हता. त्याच्या नावाच्या पार्सलात नशेची पाकिटं सापडली, तो कोठडीत आहे, असं साहेबांचं म्हणणं. मग त्यांनी रडणंही ऐकवलं.

"मम्मी, मुझे बचा लो! मम्मी!"

"आई, यांचाच आवाज आहे हो!" गरिमाचा चेहरा पांढराफटक पडला.

सुलोचनाबाईंनी पदर तोंडाशी धरला. हात थरथरत होता. एरवी दूधवाल्याला रडवणारी बाई, आज 'जी साहेब, जी साहेब' करत होती.

"सारी जमा रकम सरकारी खाते में डालिए," साहेब म्हणाले. " जाँच होते ही वापस. बाहर किसी से बोलीं, तो बेटा नहीं दिखेगा."

"साहेब, बैंक का सब इनके कंप्यूटर में है. हमारे वो उसी में करते थे."

मुकुंदरावांचा कॉम्प्युटर कण्हत-कुंथत सुरू झाला. त्यातलं विंडोज इतकं जुनं की बँकेचं पान उघडेना. साहेब ओरडले. सुलोचनाबाईंनी घाबरून देवघराच्या खणातला पेन-ड्राइव्ह काढला.

"दुकानवाला दे गया है. कल आकर लगाने वाला था. इसमें दो हैं, नया विंडोज और एक मुफ्तवाला. मैं चौथी पास, साहेब. कौन-सा डालूँ?"

साहेबांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी कुणाला तरी हाक मारली. चष्मेवाला एक माणूस कॅमेऱ्यात आला.

"नया विंडोज ये मशीन झेल नहीं पाएगी," तो म्हणाला. "मुफ्तवाला डालो, लिनक्स. हल्का है."

"इनके फोटो मिट जाएँगे?"

"नहीं मिटेंगे. जैसा बोलूँ, वैसा करो."

तो बोलत गेला, सुलोचनाबाई एकेका बोटानं कळा दाबत गेल्या. दोनदा चुकल्या, दोनदा शिव्या खाल्ल्या. मशीन मध्येच काळी पडली, तेव्हा गरिमानं देवाचं नाव घेतलं.

"आई, जल्दी करा ना," ती पुटपुटली. "तिकडे ते यांना मारतील."

"और साहेब, प्रिंटर चलेगा ना?"

"बेटा जेल में है और आपको प्रिंटर की पड़ी है!"

सुलोचनाबाई हुंदका देऊन रडल्या. "घबराहट में मुँह से निकल गया, साहेब."

"चलेगा, चलेगा," चष्मेवाला वैतागून म्हणाला, आणि कुठे दाबायचं तेही सांगून मोकळा झाला.

उन्हं कलली तेव्हा पडदा लख्ख उजळला. बँकेचं पान झटक्यात उघडलं. साहेबांची मिशी कॅमेऱ्याला टेकायची तेवढी राहिली.

"अब पासवर्ड डालिए."

गरिमानं सासूचा हात गच्च धरला.

सुलोचनाबाईंनी तो सोडवला आणि बँकेचं पान मिटलं. मुकुंदरावांचे फोटो उघडून पाहिले. सगळे होते. एक छापून पाहिला. तोही छान आला. मग साहेब ओरडत असतानाच त्यांनी फोन कापला आणि उठून पंखा लावला. हात अजून थरथरत होता. तो मुकुंदराव होते तेव्हापासूनच थरथरतो.

"आई! अहो, ते यांना..."

"रडू नकोस. मला मम्मी म्हणायची पुष्करची छाती आहे का? भोपाळ आलं की करील फोन," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तू आधी पडाव मोहल्ल्यातल्या त्या दुकानवाल्याला फोन लाव. म्हणावं, उद्या येऊ नकोस, पोलिसांनीच बसवून दिलं."