शेकोटीची जागा

खडीची शेवटची ढकलगाडी ओतून ड्वेन कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तेव्हा मागच्या खोलीचा पडदा तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरकला.

ती खोली त्याच्या सासूची, ओपलची. डोंगरापलीकडच्या कोरड्या मुलखात तिचं अख्खं गाव वणव्यात गेलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती इथे, ऑरेगनच्या किनाऱ्यावर, लेकीकडे राहत होती. घरात वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्याही लागत नसत. तसं कुणी ठरवलं नव्हतं. होऊन गेलं होतं.

"आईला विचारलंस का?" अंगणात शेकोटीसाठी जागा करायचं निघालं, तेव्हा जोलीननं नवऱ्याला सुरुवातीलाच टोकलं होतं.

"वर्षातले आठ महिने पाऊस कोसळतो इथं. काडी ओढली तरी पेटत नाही. विचारायचं काय त्यात?" असं म्हणून ड्वेन खोदायला लागला होता.

काम मात्र त्यानं चोख केलं. वीतभर खोल माती काढली. तळाशी भोकांचा पाइप टाकून अंगणाच्या खालच्या टोकाला, कुंपणाबाहेरच्या चरापर्यंत नेला. त्यावर माती अडवणारं कापड, कापडावर जाड खडी, ती धुमसानं ठोकून घट्ट केलेली, आणि सगळ्यात वर बारीक खडी. मधोमध दगडांचं गोल कडं. त्या अंगणात बूट न रुतता उभं राहता येईल अशी ती पहिलीच जागा.

मागचं दार उघडलं. रेनकोट आणि जोलीनचे रबरी बूट घालून ओपल बाहेर आली. जावयाकडे न बघता ती घराच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि पावलं मोजत निघाली. कड्यापाशी थांबली.

"आठ."

"नियमाप्रमाणे चार-पाच पुरतात," ड्वेन म्हणाला. "मी अग्निशमनवाल्यांना फोन करून विचारलंय."

"आमच्याकडेही नियम होते." तिनं मान वर केली. शेजाऱ्यांच्या देवदाराची एक फांदी कुंपणावरून आत आली होती. "आणि ही?"

"ही पिळलीत तर बादलीभर पाणी निघेल, ओपल."

"ऑगस्टमध्ये पिळून दाखव."

ती पुढे चालू लागली. खडी संपली, चिखल लागला, तरी मोजतच राहिली. खालच्या कोपऱ्यात, घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन थांबली.

"पंधरा. इथं कर."

"तिथं पाणी साचतं! सगळ्या अंगणाचा उतार तिकडेच आहे."

"म्हणूनच."

जोलीन हात पुसत दारात आली. "आई, अगं तीन आठवडे राबलाय तो!"

"दिसतंय मला. काम चांगलं केलंय. चुकीच्या जागी केलंय."

ड्वेनच्या डोक्यात सणक गेली. मग पडदा लावून घ्या आणि बसा आत, हे अगदी ओठांपर्यंत आलं. तेवढ्यात ओपलचा एक बूट चिखलात रुतला. ती तो ओढायला लागली, आधाराला काहीच नव्हतं. ड्वेन खाली उतरला आणि त्यानं तिचा दंड धरला. कोपरापासून खांद्यापर्यंत तिचा हात थरथरत होता. आवाजात त्यातलं काहीच उमटलेलं नव्हतं.

त्यानं बूट काढून दिला. मग फावडं उचललं आणि पहिला दगड कड्यातून उचकटला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारपर्यंत काम चाललं. पाइप तिकडूनच जात होता म्हणून निभावलं. कोपरा खोदून तो उघडा केल्यावर साचलेलं पाणी चरात वाहून गेलं, कापड नव्यानं अंथरलं, जोलीननं गाड्या ढकलल्या. बारीक खडी पसरायला ओपलनं स्वतः दाताळं घेतलं. ड्वेननं दोनदा मागितलं, तिनं दिलं नाही.

चारच्या सुमारास ड्वेननं नव्या कड्यात लाकडं रचली. पाच-सहा काड्या वाया गेल्या. धूर झाला, जाळ होईना. ओपल बागेची नळी हातात घेऊन मागे उभी होती.

"बाहेरची साल ओली आहे रे. आतलं घे," ती म्हणाली.

"आतलं कसं घेऊ?"

तिनं नळी लेकीच्या हातात दिली. "नीट धर." गुडघे टेकून तिनं एक ओंडका उभा केला, कुऱ्हाडीनं चार फाका केल्या, चाकूनं आतल्या कोरड्या लाकडाच्या बारीक ढलप्या काढल्या. त्यांचा छोटा ढीग केला. मग काडी ओढली.

पेटलं. पहिल्या काडीत.

ओपल उठून मागे झाली. आत जाईल असं दोघांनाही वाटलं. तिनं एक खुर्ची आणखी दोन पावलं मागे ओढली आणि तीत बसली.

पावसाची भुरभुर सुरू झाली. गरम दगडांवर थेंब पडून चरचरत होते.

"निघताना," ओपल एकदम म्हणाली, "मी सगळे दिवे बंद केले होते."

जोलीननं मान वळवली. वणव्याच्या त्या दिवसाबद्दल दोन वर्षांत आईनं अवाक्षर काढलं नव्हतं. ड्वेननं लाकूड सारायला उचललेला हात तसाच ठेवला.

"स्वयंपाकघरातला, जिन्यातला, मग पडवीतला. वीज उगाच कशाला जाळायची. दाराला कुलूप लावलं. मूठ दोनदा ओढून पाहिली." ती जाळाकडे बघत होती. "नीट लागलं होतं."