खाकरणं

बाबांनी लेकीवर कधी आवाज चढवला नाही. दुरुस्तीच्या टेबलावर तिचा हात भलत्या जागी जायला लागला, की ते फक्त दोनदा खाकरायचे. आता बाबा नव्हते, पण त्यांचं दुकान ती नेटाने चालवत होती.

गल्लीत नव्यानेच राहायला आलेले एक गृहस्थ बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आले. तिने पॉवर सप्लायचा डबा बाहेर काढला, त्याला वीज लावली आणि तो सुरू होतो का ते बघायला त्याची हिरवी आणि काळी तार पिनेने जोडून पाहिली, तरी त्याच्यातला पंखा ढिम्म हलेना.

"हाच गेलाय," असं म्हणत तिने टेबलामागची वायर उपटली, झाकण उघडलं आणि आत बोट नेलं.

त्या मेलेल्या डब्यातून कुणीतरी दोनदा खाकरलं.

तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि वाकून पाहिलं. बोलण्याच्या नादात तिने मॉनिटरची वायर उपटली होती. डब्याची तशीच लागलेली होती.

"बाबा, गेलात तरी लक्ष आहेच म्हणायचं!" तिचे डोळे भरून आले. खरी वायर काढून तिने डब्यावरून मायेने हात फिरवला आणि नवा सप्लाय बसवला. कॉम्प्युटर सुरू झाला.

"फार उपकार झाले, ताई," गृहस्थ हसून म्हणाले. "घरी आणखी एक असाच बंद पडलाय. आत्ताच येऊन बघता का?"

"येते की!" तिने हत्यारांच्या पिशवीकडे हात नेला.

टेबलावर सुटा पडलेला जुना डबा खाकरला. दोनदा. मग पुन्हा, आणि पुन्हा.